मोहाखालची वाटणी

निघताना माझ्याजवळ छत्री, फराळाचा डबा, ताणकाटा आणि धाकट्या बहिणीसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी एवढेच सामान होते. बरणी आणि काटा सुखरूप पोचले. डबा अमळनेर येण्याच्या आतच संपला. छत्री परत आली नाही. तिचे काय झाले ते ओघात येईलच.

मी नाशकात वजनमापे तपासतो. शेर आणि पायली जाऊन किलो आणि ग्रॅम आल्यापासून या कामाला थोडी प्रतिष्ठा आली आहे, म्हणजे दुकानदार कुरकुर करण्यापूर्वी चहा विचारतात. माझी धाकटी बहीण कुसुम मात्र आमच्या घरातल्या कोणीच केले नाही असे काम करते. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, नवापूर तालुक्यात, ती पाड्यापाड्यांवर जाऊन बायकांची आणि तरुणांची शिबिरे घेते. कोणी विचारले तर आमच्याकडे "शिवणकाम शिकवते" असे सांगून मोकळे होतात. पण ती शिवण शिकवत नाही. रान कसे राखावे, उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून दगड कुठे रचावेत, वणवा कसा अडवावा, आणि या सगळ्याबद्दल साहेबासमोर उभे राहून चार शब्द कसे बोलावेत, हे ती शिकवते. यातला शेवटचा विषय सर्वांत अवघड, असे ती म्हणते.

दिवाळीत घरी आली तेव्हाच तिने सांगून ठेवले होते, "दादा, होळी झाली की रजा काढ आणि काटा घेऊन ये. एका गोष्टीचं वजन करायचं आहे. मी केलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"का बरं?"

"मी एका बाजूची आहे ना. तू कोणाच्याच बाजूचा नसतोस."

"अगदी खरं," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "घरातसुद्धा!"

खांडबारा

नंदुरबारच्या फलाटावर उतरलात तर पहिली भेट मिरचीची होते. ती दिसण्याआधी नाकाला कळते. मी चार शिंका दिल्या, शेजारच्या पोत्यावर बसलेल्या गृहस्थाने "या, या" असे हसून स्वागत केले, आणि सुरतेकडची गाडी आली. खांडबारा हे त्याच मार्गावरचे छोटे स्टेशन आहे. बाजाराचा दिवस असल्याने बाहेर बैलगाड्यांची गर्दी होती. त्यातली एक कुसुमने माझ्यासाठी सांगून ठेवली होती. गाडीवान साठीचा, अंगाने काटकुळा. सगळे त्याला जिभाऊ म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो.

"कोठला शेतस भाऊ?" गाव सुटल्यावर त्याने विचारले.

"नाशिकचा."

"मंग आठे कसाले उनात?"

"मोहाच्या फुलांचं वजन करायला."

जिभाऊने बैल थांबवले. "फुलंसनं वजन? सरकार पगार देस यान्हा?"

"नाही. मी रजा काढून आलो आहे."

तो बैलांकडे वळून म्हणाला, "ऐका रे! आपलापेक्षा बी मोकळा मानूस शे दुनियामा."

ही इथल्या सपाटीवरची बोली, अहिराणी. पहिला तासभर कान जरा अडखळतात. मग 'आहे' च्या जागी 'शे' आणि 'माझा' च्या जागी 'मन्हा' ऐकायची सवय होते, आणि थट्टा आपलीच चालली आहे हेही कळू लागते.

रस्ता सागाच्या रानातून चढत होता. सागाची पाने झडून गेलेली, त्यामुळे रान आरपार दिसत होते, आणि मध्येच एखादा पळस सगळे अंग लाल करून उभा. आमच्या गोदाकाठी मार्च म्हणजे उन्हाची तक्रार सुरू करण्याचा महिना. इथे सगळे जण या महिन्याची वाट पाहत असतात, कारण मोह फुलतो. लांबच्या टेकड्यांवर धुराच्या बारीक रेघा दिसत होत्या. मी जिभाऊला विचारले, कोणाचे स्वयंपाक चालले आहेत इतक्या उंचावर?

"सैंपाक नही. मोहाखाल जाळतस. पाला जळना का भुई साफ व्हस, मंग फूल चांगलं दिसस."

"आणि आग पसरली तर?"

"पसरस ना," जिभाऊ शांतपणे म्हणाला. "दर साल पसरस."

पाड्यावर

शिबिर शाळेच्या एका खोलीत आणि तिच्यासमोर सागाच्या फांद्यांनी घातलेल्या मांडवात होते. आसपासच्या तीन पाड्यांतल्या बायका आणि तरुण मुले मिळून तीसेक मंडळी. त्यांची घरची बोली वेगळी. तिच्यातले एक अक्षर मला कळले नाही. पण खांडबाऱ्याच्या बाजारात जाणे-येणे असल्यामुळे बाहेरच्या माणसाशी ती सारी बाजारची अहिराणी बोलत. मला चष्मा आहे आणि खिशाला पेन असते, तेवढ्यावरून माझे नाव 'मास्तर' पडले. मी दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिली.

जेवायला नागलीची भाकर, उडदाचे घट्ट वरण आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे वरणावर तूप पडते, इथे मोहाच्या बियांचे तेल. थंडीत ते तुपासारखेच थिजते म्हणे. चव किंचित कडसर, पण दुसऱ्या दिवशी मी मागून घेतले. वाळवलेली मोहाची फुले भाजून, तिळाबरोबर कुटून केलेला लाडूही खाल्ला. त्याची चव मनुकांच्या जवळची आहे, पण मनुका खाऊन इतके पोट भरत नाही. इथे हे चैनीचे खाणे नव्हेच. घरचे धान्य संपत आले की पावसाळ्यापर्यंत बऱ्याच घरांत हीच फुले भाकरीच्या मदतीला असतात.

आता ज्या कामासाठी मी गेलो ते सांगतो.

मोहाचे फूल पहाटे गळते. खाली सुकलेला पाला असेल तर त्यात ते शोधत बसावे लागते, म्हणून फुले गळू लागण्यापूर्वी बायका झाडाखालचा पाला पेटवून देतात. ही आग पुष्कळदा रानात शिरते. मागच्या वर्षी ती सरकारी सागाच्या नव्या लागवडीत गेली. जंगलखात्याचे साहेब येऊन सांगून गेले होते की पुन्हा असे झाले तर या टेकडीवर फुले वेचायला बंदी. शिबिर संपायच्या दिवशी ते परत येणार होते. कुसुम म्हणत होती की पाला जाळू नका, झाडून बाजूला करा. बायका म्हणत होत्या की झाडून तेवढी फुले मिळत नाहीत. वाद दोन वर्षे चालला होता, आणि तो आता ताणकाट्यावर येऊन थांबला होता.

काटा लावायला झाडही अचूक मिळाले होते. या भागात मोह रानात असला तरी बेवारशी नसतो. कोणते झाड कोणत्या घराचे हे आज्या-पणज्यांपासून ठरलेले असते, आणि भाऊ वेगळे झाले की भांड्यांबरोबर झाडेही वाटली जातात. झाड एकच असेल तर त्याच्या खालची जमीन वाटतात. गोमीबाई आणि सुकरीबाई या थोरल्या-धाकट्या जावांचे असे एक झाड होते. बुंध्यापासून दोन्हीकडे दगडांची रेघ घातलेली. रेघेच्या उगवतीला पडेल ते फूल सुकरीबाईचे, मावळतीला पडेल ते गोमीबाईचे. वारा आला आणि फूल पलीकडे गेले तर त्यावर भांडायचे नाही, ज्याच्या हद्दीत पडले त्याचे. मी आजवर पुष्कळ वाटण्या पाहिल्या, वकिलांनी केलेल्यासुद्धा; इतकी सरळ वाटणी पाहिली नव्हती.

धाकटी सुकरीबाई शिबिरात होती. तिने या साली आपला अर्धा भाग न जाळता झाडून काढायचे कबूल केले होते. तिच्या नवऱ्याने एकच अट घातली होती: फूल कमी आले तर येत्या साली मुकाट्याने जाळायचे आणि शिबिराचे नाव काढायचे नाही. बाकीच्या बायकांचेही तेच ठरले होते. सुकरीला पुरेसे आले तर आम्हीही झाडू, नाही तर नाही.

थोरली गोमीबाई शिबिरात नव्हती. हे ती दिवसातून चार वेळा सांगे. मांडवाच्या कुडापाशी उभी राहून, कमरेवर हात ठेवून ती सगळे ऐकत असे. "मी शिबिरमा नही शे, मास्तर. मी नुसती देखाले उनी."

मला मोजायची खोडच आहे. झाड पाहायला जाताना वाटेत लागेल त्या मोहाचा घेर मी टेपने घेत गेलो. एकही झाड माझ्या कवेत मावेना. शेवटी मी विचारले, "यातलं लहान झाड कुठे आहे? पोरवयाचं?"

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या.

"मोह कोनी लावतस का, मास्तर?" गोमीबाई म्हणाली. "तो ऱ्हास."

म्हणजे तो असतोच. मी टेप गुंडाळून ठेवली.

मी साहेब होतो

दुसऱ्या दिवशी दुपारी 'साहेबाशी बोलणे' हा पाठ होता. साहेब व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा शाळेतल्या एकुलत्या एका खुर्चीवर मला बसवण्यात आले. कोणाची तरी खाकी टोपी माझ्या डोक्यावर आली. ती कानांपर्यंत उतरली. कुसुमने बजावले, "दादा, चेहरा जरा कडक कर."

पहिली पाळी सुकरीबाईची. ती समोर आली, हात जोडले, "साहेब..." म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. पुन्हा आली, "साहेब..." म्हणाली, आणि या वेळी आवाजच गेला. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिली. हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. खऱ्या साहेबापुढेही तिलाच बोलायचे होते.

कुडापलीकडून आवाज आला, "अवं, तो कुसुमबाईना भाऊ शे. त्याले काय भ्यावस?" आणि पाठोपाठ गोमीबाई स्वतःच मांडवात शिरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात जोडण्याच्या फंदात ती पडली नाही.

"काय हो साहेब! तुमनं जंगल, तुमनं जंगल करतस. साग तुमना व्हई. मोह आमना आजाना शे. तुमी फूल बंद करशात ते पाऊस येवालगून आमी काय खावानं? तुमनी खुर्ची?"

"बरं बरं," मी गडबडून म्हणालो, "नाही बंद करत."

"दादा!" कुसुम ओरडली. "इतक्या लवकर नाही मानायचं!"

मांडवात इतके हसू झाले की तो पाठ तिथेच संपला. गोमीबाई जाता जाता सांगून गेली की आपण शिबिरात नाही.

छत्री

फुले भराने गळू लागायच्या आदल्या संध्याकाळी गोमीबाईने आपला भाग पेटवला. लपवाछपवी काही नव्हती, तसे ठरलेलेच होते: अर्धे जाळलेले, अर्धे झाडलेले, आणि वजन एकाच काट्यावर. शिबिरातल्या मुलांनी दगडांच्या रेघेलगत हातभर रुंद पट्टा पाला काढून मोकळा केला होता. याला ते जाळरेषा म्हणतात. तिच्यावर खायला काही नसल्याने आग थांबते. सुकरीबाईने शिंदीच्या झाडूने आपला भाग झाडून पाल्याचा ढीग कडेला लावला होता.

जाळ सुंदर चालला होता. मी तसे म्हणालोही. तेवढ्यात वारा फिरला, पेटलेली दोन-तीन पाने उडून पट्ट्यापलीकडे गेली आणि सुकरीबाईच्या ढिगावर बसली.

त्यानंतर सगळेच धावले. मुलांनी ओल्या फांद्या तोडून तयार ठेवल्या होत्या. पण पहिली फांदी हिसकून घेऊन ढिगावर हाणली ती गोमीबाईने. माझ्या हाताला फांदी लागली नाही. हातात जे होते त्याने मी मारू लागलो. आग विझली तेव्हा माझ्या हातात मूठ, दांडा आणि काड्या उरल्या होत्या.

गोमीबाईने धापा टाकत त्या सांगाड्याकडे पाहिले. "छत्री पाऊसनी ऱ्हास, मास्तर. आगनी नही."

सुकरीबाई हसली नाही. ढिगाभोवती फिरून तिने कुठे धग राहिली आहे का ते हाताने चाचपून पाहिले, आणि मग झाडू घेऊन पुन्हा झाडायला लागली.

काटा

पुढच्या तीन सकाळी आम्ही झाडाखाली होतो. फूल गळताना टप्प असा आवाज येतो. फूल म्हणजे पाकळ्या पसरलेले काही नव्हे. फिकट, गुबगुबीत, द्राक्षाएवढा मणी. वास गोड आणि जड. रिकाम्या पोटी तो फार वेळ घेतला तर डोके हलके होते.

काळ्या जमिनीवर ही फुले मोत्यांसारखी उठून दिसत. गोमीबाई बसल्या बसल्या दोन्ही हातांनी वेचत सुटे. सुकरीबाईचे काम हळू चाले. वाऱ्याने आलेला पाला ती सकाळी पुन्हा झाडून काढी, आणि झाडतानाही सरळ झाडत नसे. मध्येच वळसा घाली, मध्येच झाडू उचलून पलीकडे टेकी. मला वाटले, तिची पद्धतच तशी असेल.

"ए सुकरी," गोमीबाई रेघेपलीकडून विचारी, "झाडी ऱ्हायनी का नाची ऱ्हायनी?"

"तुन्हं तू देख ना, मोठीबाई."

रोज वेचणी झाली की मी खालच्या फांदीला काटा अडकवून दोघींच्या टोपल्या तोली. टोपलीचे वजन वजा करी. गोमीबाईला हे वजा करणे पसंत नव्हते. टोपलीही तिचीच होती, असे तिचे म्हणणे.

तिसऱ्या दिवशी बेरीज सांगायची होती. झाडाखाली सगळे शिबिर जमले होते, सुकरीबाईचा नवराही येऊन एका बाजूला उकिडवा बसला होता. मी बेरीज दोनदा केली. तिसऱ्यांदाही केली, कारण मला ती आवडली नव्हती.

कुसुम जवळ आली. "किती?"

मी दाखवले. तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "जवळजवळ सारखंच आहे, असं म्हण ना. खोटं नाही ते."

"पाऊण किलोचा फरक सारखा नसतो, कुसुम."

"दादा, दोन वर्षं घातली आहेत मी यात. आणि तिची..." ती सुकरीबाईकडे पाहून थांबली.

मला वाईट वाटले. पण मला तिथे ज्या कारणासाठी बोलावले होते ते हेच होते. मी उभा राहून मोठ्याने सांगितले: गोमीबाईचा जाळलेला भाग पंधरा किलो, सुकरीबाईचा झाडलेला भाग सव्वाचौदा. पाऊण किलो कमी.

सुकरीबाईच्या नवऱ्याने कानामागची बिडी काढली, पाहिली आणि परत कानामागे ठेवली. दोन बायका उठून लुगडी झटकू लागल्या.

"झायं!" गोमीबाई म्हणाली. "सकायपाईन बठ्ठ्या जाळा." उद्यापासून सगळ्यांनी जाळायचे असा निकाल देऊन, विजयाच्या भरात ती रेघ ओलांडून धाकटीच्या भागात आली. "देखू दे तरी, कोठे गयी तुन्ही पाऊण किलो." ती पायाने पाला चाळवू लागली. उरलेली फुले सापडत होतीच. एका ठिकाणी चार, एका ठिकाणी सहा, झुबक्याने. "हाई देख! हाई सोडी दिधं. काबरं सोडं?"

"तठे काड्या शेतस," सुकरीबाई म्हणाली. "झाडू आडकस. मोडतीन म्हनीसन मी फिरीसन झाडस."

"कसान्या काड्या?"

गोमीबाई खाली बसली. पाला हाताने बाजूला केला. वीतभर उंचीची एक काडी होती, टोकाला चार-पाच पाने. तिने एका पानाचे टोक खुडले आणि बोट उन्हात धरले. बोटावर पांढऱ्या चिकाचा थेंब होता.

"दूध निंघनं," ती म्हणाली. मग एकदम मोठ्याने, "अवं माय! हाई ते मोहनं पोर शे!"

सगळ्या बायका धावल्या. गेल्या पावसाळ्यात वेचायच्या राहिलेल्या बियांतून ही रोपे आली होती. येतही असणार दर वर्षी. आणि दर वर्षी फुलांच्या तोंडावर पाल्याबरोबर जळून जात असणार. टेपमध्ये मला एकही लहान झाड का सापडले नाही ते आता कळले. मी कुसुमकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. मला पाला राखायचा होता. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

सुकरीबाईच्या भागात सहा रोपे निघाली.

"झाड दोन्हीसनं," गोमीबाईने लगेच जाहीर केले, "ते पोरं बी दोन्हीसनां. तीन तुन्हा, तीन मन्हा."

"काबरं? ज्यानी भुई, त्यानं फूल. तूच ते सांगस दर साल."

"फूलनं सांगस मी!"

"मंग हाऊ काय दगड शे? फूलनंच पोर शे ना?"

बायकांत हशा पिकला. गोमीबाई ताडकन उठून आपल्या भागात गेली. काळ्या राखेत ती हाताने उकरत राहिली. तीन-चार ठिकाणी तिला काही तरी सापडले, कारण ती थांबली. बोटांत धरल्यावर त्या जळक्या काड्या मोडत होत्या.

मग तिला सातवे रोप दिसले. ते दगडांच्या रेघेतच उभे होते. एका अंगाची पाने होरपळून तपकिरी झालेली, दुसऱ्या अंगाची हिरवी. तिने पान खुडून पाहिले. दूध आले.

"हाई तरी मन्हं शे," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "मास्तर, तुमी मोजा."

मी दोर मागवला. बुंध्यापासून शेवटच्या दगडापर्यंत ताणून धरला. रोप दोराच्या अंगठाभर पलीकडे होते, उगवतीच्या बाजूला. दुसऱ्या कोणी मोजले असते तर दोर जरा इकडे सरकला असता.

"सुकरीबाईचं," मी म्हणालो.

गोमीबाईने मान हलवली आणि उठू लागली. तेव्हा सुकरीबाईने तिच्या दंडाला धरून तिला खाली बसवले.

"ले, मोठीबाई. तुलेच दिधं. पन येनारी साल तू आठे जाळशी कशी?"

"मन्हं पोर मी जाळसू?" गोमीबाई उसळली. "येडी शे का मी?"

आणि बोलून गेल्यावर तिला कळले की आपण काय बोललो. क्षणभर तिने सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांत आधी तीच हसली. मग झाडाखाली जे हसू झाले ते खालच्या पाड्यावर ऐकू गेले असेल. लुगडी झटकून निघालेल्या बायका खरेच निघाल्या, पण घराकडे नव्हे. ज्यांनी अजून पाला पेटवला नव्हता त्या आपापल्या झाडाखाली पाहायला गेल्या. सुकरीबाईचा नवरा रोपांभोवती लावायला बोरीच्या काट्या तोडू लागला. पाऊण किलोबद्दल तो काही बोलला नाही.

साहेब

खरे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तरुण होते, घामाने डबडबलेले, आणि माझ्यापेक्षा कमी कडक दिसत होते. त्यांना त्याच खुर्चीवर बसवले.

सुकरीबाई समोर उभी राहिली. "साहेब..." म्हणाली आणि थांबली. मला वाटले, झाले. पण मागून गोमीबाईचे कोपर तिच्या बरगडीत बसले, आणि सुकरीबाई बोलू लागली. पाला झाडला तर फूल पाऊण किलो कमी आले, हे तिने आधी सांगितले. कुसुमने डोळे मिटून घेतले. मग सात रोपांचे सांगितले. मग म्हणाली, "पाला आमी झाडसूत. आग दिसनी ते आमीच विझाडसूत. फूल बंद करू नका, साहेब. आमनं खावानं शे."

"आणि तरीही कोणी पेटवलंच तर?" साहेबांनी विचारले.

"मी शे ना!" गोमीबाई पुढे आली.

साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्हीही या शिबिरात होता का?"

"हाव," गोमीबाई म्हणाली. "पहिलापाईन."

साहेब खुर्चीवर मागे रेलले. टेकडीवर चढून त्यांनी ती रोपे पाहिली, जाळरेषा पाहिली, माझा काटाही हातात घेऊन पाहिला. या हंगामात बंदी नाही, असे म्हणाले. पुढच्या साली परत येऊन पाहीन. कुसुमला याहून जास्त हवे होते. सुकरीबाईला एवढे पुरे होते. ती तिथेच खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

परत

निघायच्या सकाळी जिभाऊची गाडी लवकर आली, पण मी झाडापाशी जाऊन यायचे म्हणालो. गोमीबाई आपल्या काळ्या भागातून रेघेपर्यंत झाडत येत होती. झाडू सुकरीबाईचा होता. होरपळलेल्या रोपाभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण, इतके दाट की रोप शोधावे लागत होते.

"आशी नही, मोठीबाई," सुकरीबाई रेघेपलीकडे टोपली मांडीवर घेऊन बसली होती. "फिरीसन झाड. काडी मोडी जाई."

"माले नको शिकाडू!" थोरली म्हणाली, आणि वळसा घालून झाडली.

मी हात जोडले. गोमीबाई झाडूवर रेलून उभी राहिली. "मास्तर, येनारी साल काटा लईसन या. दोन्हीसनं मोजा. मन्हं जास्त भरी."

"येईन," मी म्हणालो. "नवी छत्री पण आणू का?"

"छत्री कसाले?" गोमीबाई म्हणाली. "आते आग कोठे शे?"